पडदा पुसण्याची आज्ञा : टर्मिनलवरील मजकुराचे नियंत्रण आणि अध्यापनातील एक रूढी

प्रस्तावना

महाविद्यालयीन संगणक प्रयोगशाळेतील सी भाषेच्या प्रात्यक्षिक-वह्या चाळल्या असता एक ओळ पानोपानी आढळते. आज्ञावली दोन संख्यांच्या बेरजेची असो, मूळ संख्या शोधण्याची असो वा गुणपत्रिका तयार करण्याची असो; चलांची घोषणा संपताच ‘क्लरस्क्र()’ ही आज्ञा येते आणि अखेरीस ‘गेटसीएच()’ येऊन महिरपी कंस बंद होतो. पोथीच्या आरंभी ‘श्रीगणेशाय नमः’ आणि समाप्तीला ‘शुभं भवतु’ असावे, तितक्याच निष्ठेने या दोन ओळी लिहिल्या जातात. त्यांपैकी पहिली म्हणजे ‘क्लिअर स्क्रीन’ या शब्दांतील स्वर गाळून व शेवटचे व्यंजन कापून केलेले लघुरूप. पडद्यावर आधी जे काही असेल ते पुसून टाकणे आणि कर्सर डाव्या वरच्या कोपऱ्यात नेऊन ठेवणे, एवढेच तिचे काम.

वरवर पाहता ही बाब क्षुल्लक वाटते आणि म्हणूनच तिच्याविषयी गांभीर्याने लिहिले गेलेले नाही. वस्तुतः, आज्ञावली स्वतःचा मजकूर कोणासमोर, कोणत्या पृष्ठभागावर आणि कोणत्या अधिकाराने मांडते, हा मूलभूत प्रश्न या एका ओळीत दडलेला आहे. विद्यार्थी संगणकशास्त्राच्या पहिल्याच आठवड्यात जी कृती शिकतो ती लिहिण्याची नसून दुसऱ्याने लिहिलेले पुसण्याची असते, ही गोष्ट अध्यापनाच्या दृष्टीने निश्चितच चिंतनीय होय. प्रस्तुत लेखात या रूढीची चिकित्सा तिच्या तांत्रिक इतिहासासह करावयाची आहे.

पुसता न येणारा मजकूर

संगणकाशी संवाद साधण्याचे आरंभीचे साधन पडदा नव्हते, कागद होता. टेलिटाइप कंपनीचे १९६३ मधील ‘मॉडेल ३३’ हे यंत्र सेकंदाला दहा अक्षरे या गतीने कागदाच्या गुंडाळीवर मजकूर टंकित करी. १९६९ साली युनिक्स प्रणालीची जडणघडण झाली तीही अशाच यंत्रापुढे बसून. आजच्या लिनक्समध्ये टर्मिनलचा निर्देश ‘टीटीवाय’ या तीन अक्षरांनी होतो तो ‘टेलिटाइप’ या शब्दाचाच अवशेष आहे. कागदावर उमटलेले अक्षर यंत्राला परत घेता येत नाही. त्यामुळे त्या काळच्या आज्ञावलीपुढे ‘पुसावे की नाही’ हा प्रश्नच नव्हता. जे लिहिले ते राहिले आणि पुढचे त्याखाली आले. सी भाषेच्या प्रमाणित ग्रंथालयात पडदा पुसणारे फंक्शन नाही, याचे एक कारण येथे सापडते. त्या भाषेच्या दृष्टीने आउटपुट हा अक्षरांचा अखंड प्रवाह आहे. प्रवाहाला पुढची दिशा असते, पृष्ठभाग नसतो. कर्निगन व रिची यांच्या १९७८ च्या ग्रंथातील सुप्रसिद्ध पहिली आज्ञावली म्हणूनच केवळ दोन शब्द छापते आणि थांबते.

तथापि, पुसण्याची गरज त्या काळातही होतीच. १९६३ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या आस्की संकेतावलीत एकूण १२८ संकेत असून त्यांतील ३३ संकेत अक्षरांसाठी नसून नियंत्रणासाठी आहेत. घंटी वाजविणे, एक घर मागे जाणे, नवी ओळ घेणे, गाडा ओळीच्या आरंभी आणणे, नवे पान सुरू करणे या सर्व यांत्रिक क्रियांना तेथे क्रमांक आहेत. त्यांतील शेवटचा, १२७ क्रमांकाचा संकेत विशेष लक्षणीय आहे. छिद्रित कागदी फितीवर एखादे अक्षर चुकले तर त्याच जागी सातही छिद्रे पाडावयाची. अशी पूर्ण भरलेली जागा वाचणाऱ्या यंत्राने सोडून द्यावयाची, असा त्याचा अर्थ. सातही बिट ‘एक’ म्हणजेच १२७. पडलेले छिद्र बुजविता येत नाही. म्हणून खोडणे म्हणजे आणखी छिद्रे पाडणे! आपल्याकडील हस्तलिखितांत लेखनिकाने चुकलेल्या अक्षरांवर पिवळ्या हरताळाचा लेप द्यावा आणि वाचकाने तो भाग वगळून पुढे जावे, ही जी पद्धत होती, तिच्याशी या युक्तीचे नाते सहज लक्षात यावे. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार त्या लेपातून मराठीत आला, आणि कळफलकावरील ‘डिलीट’ हे नाव धारण करणारा संकेत त्या छिद्रांतून. दोन्ही ठिकाणी खोडल्याची खूण मागे राहते. ‘क्लरस्क्र()’ मागे काहीच ठेवत नाही. तिचे साधर्म्य शोधावयाचे तर ते पोथीत नव्हे, धूळपाटीत शोधावे लागेल.

पडदा आणि त्याची भाषा

काचेचा पडदा आला आणि मजकुराला प्रथमच पृष्ठभाग मिळाला. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९७५ मध्ये ‘व्हीटी ५२’ आणि १९७८ मध्ये ‘व्हीटी १००’ ही टर्मिनले बाजारात आणली. दुसऱ्या यंत्रातील ८० स्तंभ व २४ ओळी ही चौकट पुढील सर्व टर्मिनल-सदृश खिडक्यांची मापपट्टी ठरली. आता कर्सर वर, खाली, आडवा कोठेही नेणे शक्य झाले. पण या आज्ञा द्यावयाच्या कोणत्या मार्गाने? अक्षरे ज्या तारेतून येत, तिच्याच मार्गाने. आस्कीतील २७ क्रमांकाचा ‘एस्केप’ हा संकेत त्यासाठी उपयोगी पडला. त्याचा आशय असा की, यापुढील काही अक्षरे छापावयाची नाहीत, ती आज्ञा म्हणून वाचावयाची आहेत.

१९७६ साली युरोपीय संगणक-उत्पादक संघटनेने ‘एक्मा ४८’ हे प्रमाणक प्रसिद्ध केले, १९७९ मध्ये अमेरिकी प्रमाणक आले आणि ‘व्हीटी १००’च्या लोकप्रियतेमुळे ही परिभाषा रूढ झाली. तिच्यानुसार एस्केप, उघडता चौकटी कंस, अंक २ आणि मोठ्या लिपीतील ‘जे’ ही चार अक्षरे पाठविली की संपूर्ण पडदा पुसला जातो. अंक ० असेल तर कर्सरपासून पडद्याच्या शेवटापर्यंत, १ असेल तर आरंभापासून कर्सरपर्यंत. ‘जे’ऐवजी ‘के’ लिहिल्यास हाच व्यवहार एका ओळीपुरता मर्यादित राहतो. येथे एक बारकावा नोंदविला पाहिजे. पडदा पुसण्याच्या आज्ञेने कर्सर जागचा हलत नाही. पडदा कोरा होतो, परंतु कर्सर पंधराव्या ओळीवर असेल तर पुढील मजकूर पंधराव्या ओळीवरच येतो. मूळ स्थानी परतण्यासाठी एस्केप, चौकटी कंस आणि ‘एच’ अशी निराळी आज्ञा द्यावी लागते. प्रमाणकाने पुसणे आणि परतणे या क्रिया वेगळ्या मानल्या. ‘क्लरस्क्र()’ने त्या एकत्र बांधल्या. ज्याने फक्त दुसरा प्रकार पाहिला आहे, त्याला या दोन भिन्न क्रिया आहेत याची जाणीवच होत नाही.

मजकूर आणि त्याविषयीच्या आज्ञा एकाच प्रवाहातून वाहतात, ही या रचनेची मोठी सोय आहे आणि मोठा दोषही. युनिक्सवर ‘क्लिअर’ या आज्ञेचे आउटपुट एखाद्या फाइलमध्ये वळविले, तर ती मुकाट्याने तेथे जाऊन बसणारी काही अक्षरे आहेत, एवढेच दिसते. पुढे कोणी ती फाइल टर्मिनलवर उघडून दाखविली की वाचणाऱ्याचा पडदा पुसला जातो. वाचल्याने वाचकाचीच पाटी कोरी करणारा मजकूर, अशी ही विलक्षण वस्तू आहे. यातला गमतीचा भाग सोडला तरी धोका उरतोच. एखाद्या नोंदवहीत किंवा आज्ञा-फाइलमध्ये कर्सर मागे नेऊन आधीची ओळ झाकणारे संकेत पेरले, तर पाहणाऱ्याला एक दिसते आणि संगणक दुसरेच करतो. एच. डी. मूर यांनी २००३ मध्ये टर्मिनलच्या या दुर्बलतेची पद्धतशीर मांडणी केली होती. विद्यार्थ्याला ‘पडदा पुसला गेला’ एवढेच शिकविले, ‘चार अक्षरे पाठविली गेली’ हे सांगितले नाही, तर हा सगळा प्रदेश त्याच्यासाठी अंधारात राहतो.

काटकसरीचे शास्त्र

१९७० च्या दशकाच्या अखेरीस निरनिराळ्या कंपन्यांची टर्मिनले निरनिराळ्या संकेतांना प्रतिसाद देत. बर्कली येथे बिल जॉय यांनी १९७८ मध्ये ‘टर्मकॅप’ ही टर्मिनलांच्या क्षमतांची सूची सिद्ध केली. कोणते यंत्र पडदा कसा पुसते, कर्सर कसा हलविते, हे आज्ञावलीत न लिहिता सूचीत पाहावयाचे. केन अर्नोल्ड यांनी त्यावर ‘कर्सेस’ हे ग्रंथालय उभारले. पुढे मार्क हॉर्टन यांनी ‘टर्मइन्फो’ रचले आणि १९९० च्या दशकात ‘एनकर्सेस’ आले. आजच्या लिनक्सवर तेच नांदते आहे. ‘रोग’ या तळघरातल्या साहसखेळाने कर्सेसचा प्रसार केला, हे एका गंभीर ग्रंथालयाचे काहीसे खोडकर मूळ म्हणता येईल.

कर्सेसची मूळ कल्पना मात्र अत्यंत गंभीर आहे. आज्ञावली आपल्याला हवा असलेला पडदा आधी स्मृतीत रंगविते. प्रत्यक्ष पडद्यावर सध्या काय आहे याची नोंद ग्रंथालयाकडे असते. ‘रिफ्रेश’ म्हटल्यावर या दोहोंतील फरक काढला जातो आणि तेवढाच भाग बदलण्यास लागणारी कमीत कमी अक्षरे पाठविली जातात. याची निकड साध्या गणिताने कळते. ८० स्तंभ व २४ ओळी म्हणजे १,९२० घरे. दूरध्वनीच्या तारेवरून सेकंदाला ३०० बिट या गतीने सुमारे ३० अक्षरे जात. म्हणजे पूर्ण पडदा पुन्हा भरावयास ६४ सेकंद लागत. १,२०० बिटांची गती असली तरी १६ सेकंद. अशा परिस्थितीत दर वेळी सर्व पुसून सर्व पुन्हा लिहिणे म्हणजे वापरणाऱ्याचा मिनिट-मिनिट उधळणे होय. म्हणून जे बदलले नाही त्याला हात लावावयाचा नाही, हे तत्त्व जन्माला आले.

गती वाढली, गरज संपली, असे कोणी म्हणेल. ते पूर्णतः खरे नाही. पुसून पुन्हा रंगविणाऱ्या आज्ञावलीचा पडदा आजही लुकलुकतो. कारण पुसणे आणि भरणे यांच्या मधला कोरा क्षण डोळ्यांना टिपता येतो. दूरच्या सर्व्हरवर काम करताना तर तो अधिकच जाणवतो.

याच ठिकाणी एका लहानशा प्रयोगाचा उल्लेख उचित ठरेल, कारण अध्यापनमूल्य पाहता तो पन्नास ‘क्लरस्क्र()’ना भारी आहे. दहापासून एकपर्यंत उलटी गणती एकाच जागी दाखवावयाची आहे. विद्यार्थी प्रत्येक अंकाआधी गाडा-परतीचा संकेत देतो, अंक छापतो व एक सेकंद थांबतो. पहिला अनुभव असा की, दहा सेकंद पडद्यावर काहीच दिसत नाही आणि शेवटी सारे एकदम उमटते. कारण टर्मिनलकडे जाणारे प्रमाणित आउटपुट सामान्यतः ओळ पूर्ण होईपर्यंत मध्यवर्ती साठ्यात थांबून राहते. साठा मोकळा करण्याची ‘एफफ्लश’ ही आज्ञा द्यावी लागते. ती दिल्यावर दुसरा अनुभव येतो. १० नंतर ९ ऐवजी ९० दिसतात, मग ८०, मग ७०. गाडा परत आला, एक अंक लिहिला गेला, परंतु आधीच्या दहामधील शून्य जागच्या जागी राहिले! आता ओळीचा उर्वरित भाग पुसणारी ‘के’ची आज्ञा का आहे, हे सांगावे लागत नाही. परत जाणे म्हणजे पुसणे नव्हे, लिहिणे म्हणजे दिसणे नव्हे, हे दोन्ही धडे दहा ओळींच्या आज्ञावलीत मिळतात.

टर्बो सी आणि रूढीचा उगम

मग ‘क्लरस्क्र()’ आली कोठून, आणि टिकली का? बोरलँड कंपनीचे टर्बो सी १९८७ मध्ये आले. स्वस्त, वेगवान, एकाच निळ्या पडद्यावर लेखन-संकलन-अंमल करण्याची सोय असलेले हे साधन एमएस-डॉसवर चाले आणि आपल्या महाविद्यालयांनी ते मनापासून स्वीकारले. त्याच्या ‘कॉनआयओ’ शीर्षक-फाइलमध्ये पडदा पुसणे, कर्सर हलविणे, रंग बदलणे यांची फंक्शन्स होती. ती सी भाषेची नव्हती, डॉसवरील त्या एका साधनाची होती. त्या साधनात मात्र त्यांना सयुक्तिक कारण होते. आज्ञावली संपताच निळा पडदा परत येई आणि आउटपुट त्यामागे झाकले जाई. ते पाहण्यास ‘आल्ट’ व ‘एफ ५’ या कळा एकत्र दाबाव्या लागत. म्हणून कळ दाबेपर्यंत थांबविणारी ‘गेटसीएच()’. शिवाय त्या मागच्या पडद्यावर आधीच्या अंमलाचा मजकूर साचून राही, आणि नव्या-जुन्यात गल्लत होई. म्हणून आरंभी ‘क्लरस्क्र()’. दोन्ही ओळी भाषेच्या गरजेतून नव्हे, संपादकाच्या वर्तनातून उद्भवल्या होत्या. त्यांच्या वापराला दोष देण्याचे कारण नाही. दोष आहे तो हे मूळ कधीच न सांगण्याचा.

कारण न सांगता दिलेला नियम कर्मकांड बनतो आणि कर्मकांडाच्या अवतीभवती आणखी उपनियम जमतात. ‘क्लरस्क्र() नेहमी घोषणांनंतर लिहावी’ हा त्यांतील एक. तो खराही आहे. १९८९ च्या प्रमाणकानुसार एका खंडातील सर्व घोषणा पहिल्या कार्यकारी विधानाच्या आधी याव्या लागत आणि ‘क्लरस्क्र()’ हे कार्यकारी विधान आहे. ते आधी लिहिल्यास टर्बो सी पुढची घोषणा नाकारी. १९९९ च्या प्रमाणकाने हे बंधन काढून टाकले. पण नियम पाठ करणाऱ्याला त्यामागे भाषेच्या रचनेविषयीचे विधान आहे हे दिसत नाही, आणि बंधन उठले हेही कळत नाही. ‘व्हॉइड मेन’ची कथा हिच्याहून वेगळी नाही; परंतु तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

दुसरी हानी अधिक खोल आहे. डॉसवरील टर्बो सी पडद्याच्या स्मृतीत थेट लिहू शकत असे. ८० स्तंभ, २५ ओळी, प्रत्येक घराला एक बाइट अक्षराचा व एक रंगाचा, अशी ४,००० बाइटांची ती जागा. तीत सरळ रिकाम्या जागा भरल्या की पडदा कोरा. या व्यवस्थेत पडदा हा संगणकाचाच एक अवयव असतो. युनिक्सच्या परंपरेत मात्र टर्मिनल हे तारेच्या दुसऱ्या टोकाला बसलेले परके पात्र आहे. त्याला निरोप पाठविता येतो, त्याच्या घरात शिरता येत नाही. पहिल्या कल्पनेवर वाढलेला विद्यार्थी लिनक्सवर येतो तेव्हा ‘कॉनआयओ’ फाइल सापडत नाही आणि जणू भाषाच बदलली असे त्याला वाटते. भाषा तीच असते. तिच्यात जे कधीच नव्हते ते तिचे म्हणून शिकविले गेले होते. आजचे ६४ बिटांचे विंडोज १६ बिटांच्या आज्ञावल्या चालवीत नाही. म्हणून टर्बो सी चालविण्यासाठी डॉसचे सोंग आणणारे ‘डॉसबॉक्स’ बसवावे लागते. एका ओळीची सवय टिकविण्यासाठी एक संपूर्ण लुप्त संगणक जिवंत ठेवावा, हा आटाटोप विचार करण्याजोगा आहे.

पर्याय म्हणून जे शिकविले जाते, तेही समाधानकारक नाही. ‘सिस्टिम’ या फंक्शनला ‘सीएलएस’ हा शब्द देऊन पडदा पुसून घेणे, ही ती पद्धत. येथे चार अक्षरे पाठविण्यासाठी एक संपूर्ण आज्ञा-दुभाषी सुरू केला जातो, आणि ‘सीएलएस’ हा विंडोजचा शब्द असल्याने लिनक्सवर ‘क्लिअर’ असा बदल करावा लागतो. विंडोजनेही दहाव्या आवृत्तीच्या काळात आपल्या कन्सोलमध्ये एस्केप-संकेतांना आधार दिला असून जुन्या कन्सोल-फंक्शनांऐवजी तेच वापरावेत अशी मायक्रोसॉफ्टची आज शिफारस आहे. म्हणजे ‘व्हीटी १००’ची परिभाषा अखेर त्या अंगणातही पोहोचली.

पडदा कोणाचा?

आज्ञावलीला पडदा पुसण्याचा अधिकार आहे काय, हा प्रश्न तांत्रिक नसून शिष्टाचाराचा आहे. टर्मिनलची खिडकी आज्ञावलीच्या मालकीची नसते. तीत वापरणाऱ्याने आधी दिलेल्या आज्ञा, त्यांची उत्तरे, कदाचित तासाभरापूर्वीचा एक त्रुटी-संदेश असतो. पाहुण्याने घरात पाऊल टाकताच यजमानाचा फळा पुसून आपले नाव लिहावे, तसे हे वर्तन होते. एके काळी यावर एक अनाहूत संरक्षण होते. पडदा पुसला तरी वर सरकलेला जुना मजकूर मागे साठून राही. ‘एक्सटर्म’ने १९९९ मध्ये ‘जे’च्या आज्ञेला ३ हा नवा अंक दिला, त्याने तो साठाही पुसला जातो. लिनक्सच्या कन्सोलने २०११ मध्ये आणि एनकर्सेसच्या ‘क्लिअर’ने २०१३ मध्ये त्याची दखल घेतली. गोपनीय मजकूर मागे राहू नये, यासाठी हे आवश्यकच होते. मात्र त्यामुळे ‘क्लिअर’ ही निरुपद्रवी आज्ञा राहिली नाही. साठा राखावयाचा असल्यास तसा पर्याय तिला मुद्दाम द्यावा लागतो.

सभ्य आज्ञावल्या कसे वागतात, याची उदाहरणे मात्र जवळच आहेत. ‘व्हीआय’ संपादक संपूर्ण पडदा व्यापतो. पण त्यासाठी टर्मिनलकडून दुसरा, पर्यायी पडदा मागून घेतो आणि निघताना तो परत करतो. वापरणाऱ्याचा आधीचा मजकूर जसाच्या तसा पुन्हा दिसतो. अन्य आज्ञावल्या ‘इझएटीटीवाय’ या फंक्शनने आधी विचारतात की, पलीकडे टर्मिनल आहे की फाइल? टर्मिनल नसेल तर रंग, हलता कर्सर, पुसणे हे सारे त्या गप्पपणे सोडून देतात. त्रुटी-संदेशांसाठी वेगळा प्रवाह ठेवण्यामागेही मजकुराची सरमिसळ होऊ नये, हीच दृष्टी आहे.

दृष्टिहीन वापरकर्त्याच्या संदर्भात या चर्चेला वेगळीच धार येते. पडदा-वाचक आज्ञावली टर्मिनलवर नव्याने आलेला मजकूर उच्चारते. खाली-खाली वाढत जाणारा मजकूर तिच्यासाठी स्वाभाविक आहे, कारण बोलणेही असेच पुढे जाते. दर सेकंदाला पडदा पुसून तोच तक्ता पुन्हा रंगविणारी आज्ञावली मात्र ऐकणाऱ्याला एकच वाक्य पुनःपुन्हा ऐकविते, किंवा बदललेला एक अंक गर्दीत हरवते. कागदी टेलिटाइपची जी मर्यादा म्हणून ओळखली गेली, ती या वाचकासाठी सोय ठरते.

देवनागरी आणि घरांची मोजणी

टर्मिनलची सारी रचना एका गृहीतकावर उभी आहे : एक अक्षर, एक घर. रोमन लिपीला ते साजते. देवनागरीला ते कधीच साजले नाही, आणि म्हणूनच मराठी अध्यापकाला हा विषय परका मानता येत नाही. आयआयटी कानपूर येथे सुरू होऊन पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेल्या ‘जिस्ट’ तंत्रज्ञानाने डॉसच्या घरांच्या पडद्यावर भारतीय लिपी आणल्या. १९९१ च्या ‘इस्की’ प्रमाणकात तर ‘एटीआर’ नावाचा खास संकेत आहे. त्यापुढील एक बाइट लिपी बदलतो, किंवा अक्षर ठळक, तिरपे, अधोरेखित करतो. मजकुराच्या प्रवाहातच आज्ञा पेरण्याची ही एस्केप-संकेताशी समांतर भारतीय योजना होय. टर्मिनल-नियंत्रणाच्या इतिहासात तिचा उल्लेख सहसा होत नाही.

युनिकोडच्या काळात अडचण मिटली नाही, तिने रूप बदलले. उदाहरणादाखल तीन गावांची नावे सीच्या ‘प्रिंटएफ’ने वीस रुंदीच्या, डावीकडे सरळ केलेल्या स्तंभात छापावयाची आहेत. ‘पुणे’ या शब्दात चार युनिकोड-बिंदू आहेत आणि यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकास तीन बाइट, म्हणजे एकूण बारा. ‘प्रिंटएफ’ बाइट मोजते. त्यामुळे ती आठच रिकाम्या जागा भरते. पडद्यावर मात्र प आणि ण यांनाच घरे मिळतात. उकार व मात्रा यांची रुंदी शून्य धरली जाते. म्हणजे दोन घरांचा शब्द आणि आठ जागा, स्तंभाची रुंदी दहा. ‘सातारा’चे सहा बिंदू, अठरा बाइट, दोन जागा, काना ही जागा घेणारी खूण मानली जात असल्याने शब्दाला सहा घरे, स्तंभाची रुंदी आठ. ‘नागपूर’लाही अठरा बाइट आणि दोनच जागा, पण ऊकाराला घर नसल्याने शब्दाची पाच घरे, एकूण सात. वीसची अपेक्षा, आणि हाती दहा, आठ, सात! हीच नावे रोमन लिपीत लिहिली असता तिन्ही स्तंभ वीसवर बरोबर येतात.

पुसण्याच्या बाबतीत गुंता आणखी वाढतो. टर्मिनलवर साध्या ओळ-पद्धतीने ‘पुणे’ टंकित करून खोडू लागल्यास मागे जाण्याची कळ चार वेळा दाबावी लागते, कारण बिंदू चार आहेत. प्रत्येक दाबाला ‘एक घर मागे, एक रिकामी जागा, पुन्हा एक घर मागे’ असा संकेत पाठविणाऱ्या प्रणालीत कर्सर चार घरे मागे सरकतो. शब्दाने घरे व्यापलेली असतात दोनच. उरलेली दोन घरे आधीच्या मजकुरातून जातात. ‘गावाचे नाव : ’ अशी सूचना छापून आज्ञावली उत्तराची वाट पाहत असेल, तर शब्दाबरोबर त्या सूचनेचा शेवटचा भागही पडद्यावरून नाहीसा होतो. स्मृतीत मात्र सर्व काही ठीक असते. रिकाम्या झालेल्या ओळीत विद्यार्थी पुन्हा लिहितो, आज्ञावली योग्य उत्तर स्वीकारते आणि पडद्यावर अर्धवट खोडलेले वाक्य उरते.

हा दोष कोणा एका आज्ञावलीचा नाही. बाइट, बिंदू, अक्षर आणि घर या चार मोजण्या रोमन लिपीत एकच उत्तर देतात; देवनागरीत त्या चार निराळी उत्तरे देतात. व्याकरणाच्या वर्गात ‘पुणे’मध्ये दोन अक्षरे आहेत असे शिकलेला विद्यार्थी संगणकाच्या वर्गात बारा, चार आणि दोन अशी उत्तरे पाहतो, तेव्हा विचारण्याजोगे काही त्याच्या हाती लागते. पदवीच्या पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिक-सूचीत महाराष्ट्रातील पाच जिल्ह्यांची नावे देवनागरीत एका सरळ स्तंभात छापण्याचा प्रश्न घालावयास नव्या साधनाची वा अनुदानाची आवश्यकता नाही. त्याचे उत्तर लिहिताना पडदा आरंभी पुसू नये, एवढी अट मात्र घालावी लागेल. म्हणजे फसलेले चार प्रयत्न पाचव्याच्या वर, डोळ्यांसमोर राहतील आणि कोणत्या दुरुस्तीने स्तंभ किती सरकला, हे परीक्षकालाही वाचता येईल.